विज्ञानाच्या तासाला गटाची पाटी: व्हाईटबोर्ड कसे बनवायचे, कसे वापरायचे आणि त्यावरचं काय पुसू द्यायचं नाही

गेली काही वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवताना गटागटाला छोटे व्हाईटबोर्ड देतोय, आणि ओळखीचे बरेच शिक्षक विचारतात की नक्की करता काय, वेळ कसा पुरतो, साठ पोरांच्या वर्गात जमतं का. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच सविस्तर लिहितो. जमतं, पण बोर्ड आणून वाटले की झालं असं होत नाही, खरं काम त्याच्या पुढे असतं.

ही पद्धत मी शोधलेली नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेम्पी इथले हायस्कूलचे शिक्षक माल्कम वेल्स आणि अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८० च्या दशकात शिकवण्याची एक रीत बसवली, मॉडेलिंग म्हणतात तिला. पोरांनी आधी प्रयोग करायचा, मग गटाने मिळून जे समजलं ते बोर्डावर काढायचं आणि सगळ्यांसमोर त्याची बाजू मांडायची. आपल्याला हे फार परकं वाटायला नको, आपण सगळे पाटीवरच शिकलोय. फरक एवढाच की ती पाटी एकट्याची होती, ही चौघांची आहे, आणि चौघांची असल्यामुळे लिहायच्या आधी बोलावं लागतं.

आधी बोर्ड बनवून घ्या

बाजारात तयार व्हाईटबोर्ड मिळतात पण ते अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचे, जड आणि महाग असतात, बारा घ्यायचे म्हटलं तर शाळा हो म्हणणार नाही. त्यापेक्षा सरळ सुताराकडे जा. प्रीलॅम बोर्डाची (म्हणजे वर आधीच गुळगुळीत थर चिकटवलेल्या फळीची) पांढरी शीट ८ बाय ४ फुटांची येते, तिचे सहा सारखे तुकडे करा, लांबीचे तीन आणि रुंदीचे दोन. प्रत्येक तुकडा ३२ बाय २४ इंचांचा होतो, अमेरिकेतले शिक्षकही हाच साइज वापरतात कारण तिकडेही शीट याच मापाची असते. दोन शीटमधे बारा बोर्ड, म्हणजे साठच्या वर्गाला पाच जणांमागे एक.

पृष्ठभाग चकचकीत हवा, मॅट अजिबात नको, मॅटवर मार्करची शाई मुरते आणि मग ती पुसली जात नाही. दुकानातच एका कोपऱ्यात मार्करने रेघ मारून, पाच मिनिटं थांबून, कोरड्या फडक्याने पुसून बघा आणि मगच पैसे द्या. जाडी कमीत कमी घ्या, नाहीतर पोरांना उचलवत नाही. प्लायवर सनमायका लावून घेणार असाल तर दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूने लावलेला बोर्ड काही महिन्यांनी वाकतो, आणि दोन्ही बाजू लिहायला मिळतात हा फायदा वेगळाच. कडा घासून घ्यायला सांगा, कोपरे थोडे गोल, कडेला चिकटपट्टी. सनमायक्याची धार हाताला कापते.

एवढंही शक्य नसेल तर पांढऱ्या कार्डशीटला लॅमिनेशन करून घ्या, त्यावर व्हाईटबोर्ड मार्कर छान चालतो आणि पुसतोही, फक्त खाली पाठबळाला पुठ्ठा लागतो. काही झेडपी शाळांमधे भिंतीला खालून काळा रंग देऊन पोरांसाठी फळे केलेले असतात, तिथे खडूनेही हेच सगळं करता येतं. सामान दुय्यम आहे.

मार्कर गटाला दोनच, निळा आणि लाल. मार्कर आडवे ठेवायचे, उभे ठेवले तर शाई एका टोकाला बसते. पुसायला जुना बनियन किंवा पायमोजा, डस्टरपेक्षा भारी काम करतो. कुणीतरी परमनंट मार्करने लिहिणारच, तेव्हा घाबरू नका, त्याच अक्षरांवर व्हाईटबोर्ड मार्कर गिरवा आणि लगेच पुसा, बऱ्याचदा दोन्ही निघतं. उरलेला डाग सॅनिटायझरने जातो.

गट किती जणांचा

तीन उत्तम, चार चांगले, पाच चालतात. सहा झाले की दोघं खिडकीबाहेर बघत बसतात, मग त्यांना ओरडून उपयोग नाही, बोर्डाभोवती त्यांना जागाच उरलेली नसते. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून बसायचं, बोर्ड मधे आडवा ठेवायचा. आडवाच, उभा धरला तर फक्त लिहिणाऱ्याला दिसतो.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा दिसली. मार्कर मुलींच्या हातात जातो कारण "तिचं अक्षर छान आहे", आणि स्टॉपवॉच, दोरी, वायर, सेल हे सगळं मुलांच्या हातात. वर्षभर हे असंच चाललं तर मुली सुंदर अक्षरात दुसऱ्यांचे विचार लिहून ठेवतात. म्हणून माझ्या वर्गात दोन नियम आहेत. जो बोलतो त्याने लिहायचं नाही, जो लिहितो त्याने फक्त इतरांनी सांगितलेलं लिहायचं आणि पटलं नाही तर थांबून विचारायचं, म्हणजे विचार हातात येण्यासाठी तोंडातून यावाच लागतो. आणि दर चार-पाच मिनिटांनी मी टाळी वाजवली की मार्कर उजवीकडच्याला द्यायचा, वाक्य अर्धं असेल तरी. अक्षर वाकडं आलं तरी चालेल हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

बोर्डावर काय यायला हवं

पाठ्यपुस्तकातला परिच्छेद नको. चार गोष्टी सांगतो मी: चित्र, मोजलेले आकडे, आलेख, आणि एक वाक्य स्वतःच्या शब्दांत. दहावीला सूत्रही. आकडे निळ्याने, त्यावरून तुम्ही जे म्हणताय ते लालने. हा रंगांचा भेद दिसायला साधा आहे पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे, का ते खाली लंबकाच्या प्रयोगात सांगतो. अक्षर इतकं मोठं की दहा फुटांवरून वाचता यावं.

सुरुवात लंबकाने करा

पहिल्यांदा करणार असाल तर साधा लंबक घ्या. दोरी, एक जड नट, आणि कुणाच्या तरी फोनमधलं स्टॉपवॉच, बस. प्रश्न एकच फळ्यावर लिहायचा: दोरीची लांबी बदलली तर एका झोक्याच्या वेळेत काय फरक पडतो? लांबी २५, ५०, ७५ आणि १०० सेंटीमीटर, बांधलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची, आणि झोका लहान ठेवायचा, ताणून सोडायचा नाही. प्रत्येक लांबीला १० आंदोलनांचा वेळ घ्यायचा, नट जाऊन परत सोडला तिथे आला की एक आंदोलन. दहा का, एकच का नाही, हे पोरांनाच विचारा, बटण दाबायला होणारा उशीर दहांत वाटला जातो हे कुणीतरी सांगतंच.

नीट मोजलं तर दहा आंदोलनांना साधारण १०, १४.२, १७.४ आणि २०.१ सेकंद येतात. पोरांनी मोजलेले थोडे इकडे तिकडे असतात, ते तसेच असू देत.

मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हाची गोष्ट. बारापैकी एका गटाचं १०० सेंटीमीटरला १८ सेकंद आलं होतं. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले तसं त्यांनी इतरांचे आकडे बघितले, एका पोराने पटकन तळहाताने १८ पुसला आणि वर २० लिहिलं. मी बघितलं आणि काही बोललो नाही, तास छान चाललाय असं वाटत होतं, सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं होतं. रात्री झोपताना ते डोक्यात आलं आणि फार वाईट वाटलं. त्या पोराने प्रयोग केला होता, स्वतः मोजलं होतं, आणि माझ्या तासाला तो हे शिकला की आपलं मोजमाप बाकीच्यांशी जुळलं नाही तर ते लपवायचं. विज्ञान जे शिकवतं त्याच्या बरोब्बर उलटं.

तेव्हापासून वर्गात एक नियम आहे जो मी कधीच मोडू देत नाही: लाल पुसा, निळं पुसू नका. म्हणजे तुमचं म्हणणं हवं तितक्या वेळा बदला पण मोजलेला आकडा तसाच राहील. चुकलाय असं वाटलं तर त्याच्यावर एक रेघ मारा, शेजारी नवीन मोजलेला लिहा आणि का बदलला ते लिहा.

पुढच्या वर्षी पुन्हा एका गटाचं १८ आलं, यावेळी ते बोर्डावर राहिलं. समोरच्या गटातली एक मुलगी म्हणाली, परत करून दाखवा ना. त्यांनी दोरी टांगली, नट सोडला आणि सोडतानाच मोजणारा म्हणाला "एक". ती लगेच म्हणाली, थांब, अजून एकही झालेला नाही, तिथे शून्य म्हण! त्यांनी दहा म्हणून नऊच मोजले होते. नऊ आंदोलनांना १८.१ सेकंद लागतात, म्हणजे त्यांचं मोजमाप अगदी चोख होतं, मोजायची सुरुवात तेवढी चुकली होती. त्या गटाच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी कधी विसरणार नाही, आणि त्या वर्गात नंतर कुणीही सोडताना "एक" म्हटलं नाही. अजून एक नेहमीचा घोळ म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला की एक आंदोलन मोजणं, त्या गटाचं सगळंच निम्मं येतं, १० सेकंद. तोही बोर्डावर राहू द्या, वर्गच शोधून काढतो.

गोलात उभं राहून चर्चा

बहुतेक जण इथे चुकतात. बोर्ड तयार झाले की एकेका गटाला पुढे बोलावून वाचून दाखवायला लावतात. बारा गट, तीन-तीन मिनिटं, पस्तीस मिनिटांचा तास तिथेच संपला आणि तिसऱ्या गटानंतर कुणीही ऐकत नाही. त्याऐवजी सगळ्यांना एका मोठ्या गोलात उभं करा, प्रत्येक गट आपला बोर्ड समोर धरेल, म्हणजे सगळ्यांना सगळं एकदम दिसतं. वर्गात जागा नसेल तर व्हरांड्यात किंवा झाडाखाली जा, मात्र उन्हात नको, चकचकीत बोर्डावर ऊन पडलं की अक्षरच दिसत नाही.

पहिलं एक मिनिट पूर्ण शांतता, फक्त बघायचं. मग मी एवढंच विचारतो: काय सारखं दिसतंय? मग: काय वेगळं दिसतंय? आणि गप्प बसतो. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, आपल्याला तोंड मिटून राहायची सवयच नसते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं टेपवर घेऊन मोजलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलायला लागतात. मी मनातल्या मनात पाच आकडे मोजतो. पहिले काही दिवस ती शांतता जड वाटते, मग पोरांना कळतं की सर उत्तर सांगणार नाहीत, आणि ती एकमेकांशी बोलायला लागतात.

लंबकात साधारण असं होतं. सगळे म्हणतात लांबी वाढली की वेळ वाढतो. मग विचारा, दीड मीटर दोरी घेतली तर दहा आंदोलनांना किती लागतील? बरेच जण म्हणतात ३०, एक मीटरला २० तर दीडपट. कुणीतरी आलेखाकडे बोट दाखवतं की अहो ही रेघ वाकतेय, ३० कसे येतील. वाद होऊ द्या. मग दारावरच्या खिळ्याला दीड मीटरची दोरी टांगा आणि सगळ्यांसमोर मोजा, साडेचोवीसच्या आसपास येतात. ३० लिहिलेल्यांनी लाल पुसायचं, निळं तिथेच. आणि मग एखादी शांत पोरगी म्हणते, सर २५ ला १० आहेत आणि १०० ला २०, लांबी चौपट तर वेळ दुप्पट. हे वाक्य मी सांगितलं असतं तर वहीत गेलं असतं. दोलनकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग करून लांबीबरोबर आलेख काढायची सूचना त्यानंतर करा, रेघ सरळ येते आणि पोरांना ती सरळ का हवी होती हे आधीच माहीत असतं.

जिथे मोजायचं काही नाही तिथे

नववीला गतीचे नियम शिकवताना एक काम जरूर द्या. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटून वर जातोय, अजून टोकाला पोचायचाय, हवेचा विरोध सोडून द्या, या क्षणी त्यावर कुठली कुठली बलं लागतायत ती बाणांनी दाखवा. बहुतेक बोर्डांवर दोन बाण येतील, खाली गुरुत्वाकर्षण आणि वर "हाताचं बल". हुशार मुलांच्याही. ही चूक जगभर होते, हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ साली बलाच्या कल्पना तपासायची जी प्रश्नपत्रिका छापली तिच्यातही वर फेकलेला चेंडू आहे.

इथे "चूक आहे" म्हणू नका. नियम द्या की प्रत्येक बाणावर कुणाकडून कुणावर ते लिहायचं. गुरुत्वाकर्षण: पृथ्वीकडून चेंडूवर, ठीक. वरचा बाण: हाताकडून चेंडूवर. मग विचारा, आत्ता हात कुठे आहे? खाली. चेंडूला लागलाय का? नाही. मग बळ कसं लावतोय? इथे वर्गात असा गोंधळ होतो की शेजारच्या वर्गातले सर डोकावतात. कुणी म्हणतं बळ चेंडूत साठलंय, कुणी म्हणतं साठतं तो वेग, बळ नाही. मला स्वतःला हा तास वर्षातला सगळ्यात आवडता तास आहे. दोन बाणांचा बोर्ड पुसून एका बाणाचा करताना पोरांचे हात अडखळतात, आणि अडखळायलाच हवेत, लहानपणापासूनची समजूत आहे ती.

रसायनशास्त्रातही चालतं. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्याच्या आत काय असतं ते कण काढून दाखवा असं सांगा. हवा येईल, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे झालेले येतील, नुसता रिकामा गोल येईल, आणि एखाददुसऱ्या बोर्डावर दूर दूर गेलेले पाण्याचे रेणू, बरोबर ते हेच. परीक्षेत "पाणी १०० अंशाला उकळते" हे सगळ्यांनी बरोबर लिहिलेलं असतं.

लाजाळू वर्ग असेल तर

काही वर्गांत पोरं चूक दिसेल म्हणून बोर्डच झाकतात, छातीशी धरतात. तिथे मुद्दाम चुकीचा खेळ खेळा. गणित किंवा आकृती दिली की प्रत्येक गटाने बोर्डावर एक चूक जाणूनबुजून लपवायची, साधी स्पेलिंगची नाही, विज्ञानाची. बाकीच्यांनी ती शोधायची, पण "इथे चुकलंय" म्हणायचं नाही, प्रश्न विचारायचा: हा बाण एवढा मोठा का? एकक कुठलं घेतलं? मजा म्हणजे मुद्दाम केलेल्या एका चुकीबरोबर नकळत झालेल्या दोन सापडतात, आणि कुठली कुठली हे कुणालाच माहीत नसल्यामुळे कुणाची मान खाली जात नाही. चांगली चूक लपवायला तो विषय नीट कळावा लागतो, हे तर आहेच.

वेळ, पोर्शन आणि मार्क

रोज नाही करायचं. धड्याला एक, जास्तीत जास्त दोन, आणि तेही जिथे पोरं हमखास अडकतात तिथेच. प्रॅक्टिकलचा जोडतास मिळत असेल तर पहिला तास प्रयोग आणि बोर्ड, दुसरा गोल. एकच तास असेल तर बोर्ड तसेच कपाटामागे उभे ठेवा आणि उद्या गोल करा, फक्त दोन बोर्ड समोरासमोर टेकवू नका, घासून सगळं पुसलं जातं, हे आमच्याकडे झालंय. पोर्शन मागे पडतो का? पहिल्या दोन महिन्यांत थोडा पडतो. पण चेंडूचा तो एक तास झाला की क्रिया-प्रतिक्रिया बलाचे प्रश्न मला तीन तीनदा शिकवावे लागत नाहीत, त्यामुळे दिवाळीपर्यंत भरून निघतो.

बोर्डाला मार्क देऊ नका, कधीच. मार्क आले की निळं पुसलं जाणार. पण बोर्ड गटाचा असतो, त्यात एखादा लपतो, म्हणून शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं: आधी मला काय वाटत होतं, आता काय वाटतं, कुणाच्या बोर्डामुळे बदललं. तिसरा प्रश्न सोडू नका, मला सगळ्यात जास्त तिथेच कळतं वर्गात कोण कुणाचं ऐकतंय. आणि बोर्ड पुसायच्या आधी फोनने फोटो काढून ठेवा, रेघ मारलेल्या आकड्यांसकट. पुढच्या वर्षी हाच धडा घेताना आदल्या दिवशी ते फोटो बघायचे, पोरं कुठे अडकणार ते आधीच दिसतं.

सोमवारी सुरू करायचं असेल तर बाराच्या बारा बोर्डांची वाट बघू नका. सुताराकडून एका शीटचे सहा करून आणा, अर्धा वर्ग बोर्डावर, अर्धा दोरी आणि नट घेऊन, आणि वीस मिनिटांनी अदलाबदल.